हसू येते ते कशाचे?

दुसऱ्या महायुद्धातला एखादा अमेरिकी प्रचारपट आज लावून पाहिला, तर पहिल्या दोन मिनिटांतच हसू फुटते. तुताऱ्या वाजतात, जगाच्या नकाशावर शाई लवंडावी तसा काळा रंग पसरत जातो, आणि शंका नावाची गोष्ट जन्मात कधी शिवलीच नाही अशा थाटात खर्जातला एक आवाज कोण सज्जन, कोण दुर्जन ते सांगून मोकळा होतो. हा सूर मराठी वाचकाला अगदीच परका नाही. मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा वार्तापट पाहिलेल्या पिढीला धरणाच्या उद्‌घाटनाचे ते धीरगंभीर निवेदन आठवत असेल, आणि त्याची नक्कल करणारा एखादा मित्रही. हसण्यापाठोपाठ प्रश्न येतो, की हे असले काही लोकांना खरे कसे वाटले असेल? त्याचे उत्तरही आपण लगेच देऊन टाकतो. तेव्हाचे लोक भोळे होते, आपण शहाणे झालो.

हे उत्तर चुकीचे आहे, आणि त्याचा पुरावा त्याच चित्रपटांत सापडतो. आपण हसतो ते प्रचाराच्या अंगावरच्या जुनाट अंगरख्याला. प्रचाराचा जेवढा भाग जुना झाला, तेवढाच आपल्याला प्रचार म्हणून ओळखू येतो. जो जुना झालेला नाही, तो आजही इतिहास म्हणून, नाहीतर नुसतीच सुंदर कलाकृती म्हणून डोळ्यांसमोरून निघून जातो आणि आपण त्याला अडवत नाही.

आवाज सगळ्यात आधी म्हातारा होतो

आधी त्या आवाजाचे कोडे सोडवू. रणभूमीवर फिरणारे कॅमेरे मुके होते. ध्वनिमुद्रणाची यंत्रसामग्री इतकी अवजड असे, की ती घेऊन सैनिकांमागे धावणे शक्यच नव्हते. त्यामुळे युद्धाचे बहुतेक चित्रण आवाजाविना येई, आणि स्फोट, विमानांची घरघर, संगीत, निवेदन हे सगळे नंतर स्टुडिओत बसून त्यावर चढवले जाई. हजारभर माणसांच्या थिएटरात, एकाच ध्वनिपट्टीवर, गोळीबार आणि वाद्यवृंद यांच्या वरताण शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायचे, तर आवाज फेकावाच लागे. देवळाच्या सभामंडपात माइकशिवाय उभा राहिलेला कीर्तनकार असाच बोलतो. त्यालाच आपल्या बैठकीच्या खोलीत बसवून त्याच पट्टीत बोलायला लावले, तर आपल्याला हसू आवरणार नाही. फोनच्या पडद्यावर जुना प्रचारपट पाहताना नेमके हेच घडते. कीर्तन तेच आहे, सभामंडप तेवढा गेला.

बरे, त्या आवाजाला लोक तेव्हाही हसत होते. ‘द मार्च ऑफ टाइम’ या अमेरिकी वृत्तपटमालिकेची ठसकेबाज निवेदनशैली इतकी ओळखीची झाली होती, की ऑर्सन वेल्सने १९४१ सालच्या ‘सिटिझन केन’मध्ये तिचे धडधडीत विडंबन केले. अमेरिका युद्धात उतरण्याच्या आधीची ही गोष्ट. प्रेक्षकांना विनोद कळला, कारण सूर त्यांच्याही कानात बसलेला होता. तरी पुढची चार वर्षे प्रचारपट त्याच सुरात बोलत राहिले. कारण साधे आहे. विश्वासार्ह माहिती त्या काळी ह्याच आवाजात मिळत असे, बातम्याही ह्याच आवाजात येत. आज खरेपणाची खूण वेगळी आहे. हलता कॅमेरा, अडखळत बोलणारा माणूस, अर्धवट सुटलेले वाक्य दिसले की आपण विश्वास टाकतो. लग्नाच्या जुन्या अल्बममधल्या बेलबॉटमला आपण हसतो, तसे पन्नास वर्षांनी कोणी आपल्या ह्या हलत्या कॅमेऱ्याला हसणार आहे.

शेजारच्या दृश्याची करामत

आता थोडे संकलनाविषयी. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने एक प्रयोग केल्याचे सांगतात. एका नटाचा निर्विकार चेहरा, आणि त्याला जोडून एकदा सूपची वाटी, एकदा शवपेटी. चेहरा तोच, पण पहिल्यांदा पाहणाऱ्यांना त्यात भूक दिसली, दुसऱ्यांदा दुःख. सिनेमात दृश्याचा अर्थ त्या दृश्यात जेवढा असतो, तेवढाच त्याच्या शेजाऱ्यात असतो. मीठ एकटे चाखले तर खारट. आमटीत पडले की तेच चव आणते, आणि खिरीत पडले तर खीर फुकट जाते.

हे तंत्र फ्रँक काप्राने कसे वापरले ते पाहण्यासारखे आहे. १९४२ च्या सुरुवातीला अमेरिकी सैन्यप्रमुख जॉर्ज मार्शल यांनी त्याच्यावर काम सोपवले, की लाखोंनी भरती होणाऱ्या पोरांना आपण कशासाठी लढतो आहोत ते पडद्यावर समजावून सांग. काप्रा तोवर हलकेफुलके, माणुसकीचे चित्रपट करणारा दिग्दर्शक. त्याने जर्मन दिग्दर्शिका लेनी रीफेनश्टालचा ‘ट्रायम्फ ऑफ द विल’ पाहिला, आणि न्युरेम्बर्गच्या १९३४ च्या नाझी मेळाव्याचे ते देखणे, अंगावर येणारे चित्रण बघून हादरला. मग त्याने ठरवले, की शत्रूचीच फिल्म शत्रूवर उलटवायची. ‘व्हाय वुई फाइट’ ह्या सात चित्रपटांच्या मालिकेत नाझींनी स्वतःच्या गौरवासाठी टिपलेली दृश्ये जागोजागी आहेत, फक्त त्यांचे शेजारी बदललेले आहेत. शिस्तबद्ध रांगांनंतर बेचिराख शहर आले, की तीच शिस्त भीतिदायक होते. ब्रिटिशांनी तर आणखी मजा केली. चार्ल्स रिडले यांनी ‘ट्रायम्फ ऑफ द विल’मधल्याच सैनिकांचे तुकडे पुढे-मागे फिरवून त्यांना ‘लॅम्बेथ वॉक’ ह्या नाचाच्या ठेक्यावर नाचवले. एकही फ्रेम नव्याने चित्रित न करता.

आज हे चित्रपट पाहताना आपणही नकळत संकलकाच्या खुर्चीत बसलेले असतो. न्युरेम्बर्गमधला जल्लोष दिसतो, आणि त्याला जोडून आपल्या मनात छळछावण्यांचे दृश्य आपोआप येते. १९३५ साली जर्मन थिएटरात बसलेल्या माणसाकडे ते पुढचे दृश्य नव्हते. त्याच्याकडे होती बेकारी, हरलेल्या युद्धाची लाज आणि समोर दिसणारी गर्दी. काप्राच्या प्रेक्षकाचेही तसेच. सिंगापूर फेब्रुवारी १९४२ मध्ये पडले, जर्मन फौजा रशियात खोलवर शिरलेल्या होत्या, आणि युद्ध कोण जिंकणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. नकाशावर पसरणारी शाई आपल्याला बाळबोध वाटते, कारण ती कुठे थांबली ते आपल्याला माहीत आहे. शेवट ठाऊक असलेल्या माणसाने मधल्या भीतीला हसावे, यात शहाणपण कमी आणि सोय जास्त आहे.

तेव्हाचे लोक खरेच भोळे होते?

यावर कोणी म्हणेल, की संदर्भ सगळे मान्य, पण त्यांना फसवले गेले हे खरेच ना? याचे उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही, कारण अमेरिकी सैन्याने ते त्याच काळात मोजून पाहिले होते. कार्ल हॉव्हलँड आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी काप्राच्या मालिकेतला ‘द बॅटल ऑफ ब्रिटन’ काही तुकड्यांना दाखवला, काहींना दाखवला नाही, आणि दोघांचीही उत्तरे ताडून पाहिली. चित्रपट पाहिलेल्यांच्या माहितीत चांगलीच भर पडली होती. मतांत थोडा फरक दिसला. पण ज्यासाठी सगळा खटाटोप होता, ती लढण्याची उमेद? तिच्यात फरक जवळपास शून्य. आदेशाने आणून बसवलेला एकोणीस-वीस वर्षांचा सैनिकसुद्धा पडद्यावर सांगितलेले मुकाट गिळत नव्हता.

ह्याच अभ्यासात एक विचित्र गोष्ट निघाली. काही मुद्द्यांवरचा परिणाम पाच दिवसांनी मोजला तेव्हा कमी होता, आणि नऊ आठवड्यांनी तो वाढलेला दिसला. विसरण्याऐवजी वाढला! हॉव्हलँड यांनी याला निद्रिस्त परिणाम म्हटले. त्याचा एक उलगडा असा, की सुरुवातीला ‘हे सैन्याने दाखवले, तेव्हा असेच सांगणार’ हा संशय आशयाला चिकटलेला असतो. दिवस जातात तशी गोष्ट लक्षात राहते आणि ती कोणी सांगितली ते गळून पडते. लोणच्याच्या बरणीवरची चिठ्ठी पुसली जाते, लोणचे मुरत राहते. दर वेळी असे घडते असे मुळीच नाही. पुढच्या संशोधकांना हा परिणाम ठरावीक परिस्थितीतच सापडला. पण ही बरणी लक्षात ठेवू, पुढे लागणार आहे.

शिवाय १९४० चा ब्रिटिश प्रेक्षक एकदा पोळलेला होता. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, जर्मन लोक प्रेतांपासून चरबी काढण्याचा कारखाना चालवतात अशी बातमी पसरवली गेली. ती निराधार होती हे १९२५ मध्ये परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी पार्लमेंटमध्ये मान्य केले. त्यानंतर शत्रूच्या अत्याचारांची कुठलीही बातमी आली, की लोक खांदे उडवत. ह्या अविश्वासाची किंमत पुढे भयंकर पडली, कारण पुढच्या युद्धात खऱ्या मृत्युछावण्यांच्या बातम्याही अनेकांनी त्याच खात्यात टाकल्या. आणि असाच अविश्वास अमेरिकी प्रेक्षकांतही होता, म्हणून मुख्यतः त्यांच्यासाठी काढलेल्या ‘लंडन कॅन टेक इट!’ ह्या १९४० च्या चित्रपटाचे निवेदन इंग्रज माणसाकडे न देता क्वेंटिन रेनॉल्ड्स या अमेरिकी पत्रकाराकडे दिले गेले. तो स्वतःला तटस्थ बातमीदार म्हणवतो आणि खालच्या पट्टीत बोलतो. प्रेक्षक भोळा असता, तर ही मखलाशी करावी लागली नसती.

मग भोळे कोण, तर नेहमी दुसरेच कोणी. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन यांनी १९८३ मध्ये ह्या प्रवृत्तीला तृतीयपुरुषी परिणाम असे नाव दिले. त्यांनी सांगितलेली इवो जिमा बेटावरची हकिगत मासलेवाईक आहे. तिथे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली कृष्णवर्णीय सैनिकांची एक तुकडी होती. हे युद्ध गोऱ्यांचे आहे, तुम्ही कशाला मरता, अशी पत्रके जपान्यांनी तिच्यावर टाकली. सैनिकांवर त्यांचा परिणाम झाल्याचा पुरावा नाही. परिणाम झाला तो अधिकाऱ्यांवर: आपले सैनिक बिथरतील ह्या धास्तीने दुसऱ्या दिवशी तुकडीच मागे घेतली गेली. जुना प्रचारपट पाहून ‘बिचारे, कसे फसले असतील’ म्हणणारे आपण त्या अधिकाऱ्यांचेच भाऊबंद.

[चौकट] दोन हजार फूट

युद्धप्रचाराची एक शाखा मुंबईतही होती. १९४० मध्ये सरकारने फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड स्थापन केले. जे. बी. एच. वाडिया त्याचे अध्यक्ष होते, आणि व्ही. शांताराम यांनीही काही काळ तिथे मुख्य निर्माता म्हणून काम केले. १९४३ मध्ये ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ आणि ‘इंडियन न्यूज परेड’ सुरू झाले, आणि भारत संरक्षण नियमांखाली प्रत्येक चित्रपटगृहाला दर खेळात दोन हजार फुटांपर्यंत सरकारमान्य फिल्म दाखवणे सक्तीचे झाले. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे ही सक्ती सुमारे २२ मिनिटांची. त्या वेळी काँग्रेसचे नेते ‘छोडो भारत’ आंदोलनापायी तुरुंगात होते; पडद्यावर लोकशाहीसाठी लढणारे साम्राज्य दिसत होते. ह्यातली विसंगती कळायला प्रेक्षकाला संशोधकांची गरज नव्हती. १९४६ मध्ये हा कारखाना बंद झाला, १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन आले आणि सक्तीचा नियमही परतला. आपण ज्या निवेदनाची नक्कल करत आलो, त्याची वंशावळ ही अशी युद्धापर्यंत जाते. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) ही ह्या काळाची आणखी एक गंमत. जपानी आक्रमणाविरुद्धची कथा म्हणून तो सरकारी अपेक्षांच्या चौकटीत बसत होता. पण चीनमध्ये सेवा करताना मृत्यू आलेल्या सोलापूरच्या डॉक्टरची ही गोष्ट राष्ट्रीय अभिमानाची म्हणूनच लक्षात राहिली.

दोन चित्रपट, विष एकच

प्रचाराचा अंगरखा आणि त्याचे अंग यांतला फरक पाहायचा, तर १९४० सालच्या जर्मनीतले दोन चित्रपट शेजारी ठेवावेत. दोन्ही ज्यूंविरुद्ध. ‘डेर एविगं युडं’ हा फ्रिट्झ हिप्लरचा तथाकथित माहितीपट आहे. त्यात निवेदक आहे, नकाशे आहेत, ज्यूंच्या स्थलांतराशेजारी उंदरांचे थवे दाखवलेले आहेत. म्हणजे आज पाहताक्षणी किळस यावी अशी सगळी सामग्री. दुसरा ‘युड झ्यूस’, दिग्दर्शक फाइट हार्लान. त्यात निवेदक नाही. अठराव्या शतकातल्या एका दरबाराची गोष्ट, उत्तम नट, भरजरी पोशाख, एक नायिका, तिची विटंबना आणि शेवटी खलनायकाला फाशी. रविवारी दुपारी टीव्हीवर लागला, तर एखादा ऐतिहासिक कौटुंबिक चित्रपट म्हणून खपून जाईल असा.

पहिल्याकडे लोक फिरकले नाहीत. दुसरा सुमारे दोन कोटी प्रेक्षकांनी पाहिला, आणि हिमलरने एसएस व पोलीस दलांना तो पाहण्याचा आदेश काढला. जो आज ढळढळीत प्रचार दिसतो, तो तेव्हाही प्रेक्षकांना ढळढळीतच दिसला होता. चालला तो दुसरा, गोष्टीच्या पदराआड लपलेला. जर्मनीत सुमारे ४० नाझीकालीन चित्रपट अजूनही राखीव यादीत आहेत. ते दाखवायचे तर आधी जाणकाराचे प्रास्ताविक आणि नंतर चर्चा, अशी अट आहे. इतक्या जुन्या, हास्यास्पद गोष्टींची एवढी धास्ती कशाला, असा आक्षेप त्यावर घेतला जातो. सगळे चित्रपट हास्यास्पद असते, तर तो बरोबर ठरला असता.

ज्याला कोणी हसत नाही

नाझींचे उदाहरण सोपे, कारण ते आपल्या बाजूचे नाहीत. हम्फ्री जेनिंग्ज आणि स्टुअर्ट मॅकॲलिस्टर यांचा ‘लिसन टु ब्रिटन’ (१९४२) घेऊ. वीसेक मिनिटांत निवेदनाचा एक शब्द नाही. डुलणारी पिके, वरून जाणारी विमाने, नाचघरातली जोडपी, कारखान्यातल्या कँटीनमध्ये चाललेले गाणे. आणि त्या गाण्यातून अलगद मोझार्टचे सूर उमटतात, मायरा हेस लंडनच्या नॅशनल गॅलरीत पियानो वाजवत असते, श्रोत्यांत राणी बसलेली. कामगार आणि राणी एका सुरात बांधलेले आहेत हे कोणी सांगत नाही, कान ते आपसूक जोडतो. एडगर ॲन्स्टी यांच्यासारख्या माहितीपटाच्या जाणकाराला तेव्हा हा चित्रपट प्रचार म्हणून कुचकामी वाटला. अधिकाऱ्यांनाही धीर निघेना, म्हणून लेनर्ड ब्रॉकिंग्टन यांचे समजावून सांगणारे एक प्रास्ताविक पुढे चिकटवले गेले. आज चित्रपट पाहताना अवघडल्यासारखे होते ते त्या प्रास्ताविकापुरते. बाकीचा भाग काव्य म्हणून अभ्यासला जातो, आणि हा युद्धप्रचाराच्या कामी आलेला माल होता हे मुद्दाम आठवावे लागते.

दुसरे उदाहरण इतके सुखद नाही. १९४२ च्या ‘जॅपनीज रीलोकेशन’मध्ये मिल्टन आयझेनहॉवर, म्हणजे जनरल आयझेनहॉवर यांचे धाकटे बंधू, समजुतीच्या स्वरात सांगतात, की पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना हलवावे लागत आहे, ते काम माणुसकीने होत आहे, आणि हे लोकही आनंदाने सहकार्य करत आहेत. शिवीगाळ नाही, उंदीर नाहीत. एक लाखाहून अधिक माणसे, बहुतेक अमेरिकी नागरिक, घरेदारे सोडून काटेरी तारांच्या आड गेली, आणि अमेरिकेने त्यांची अधिकृत माफी मागितली ती १९८८ मध्ये. निवेदकाचा हा मऊ, जबाबदार सूर तेव्हाच्या आरडाओरड्यापेक्षा आपल्या आजच्या सुराला कितीतरी जवळचा आहे. म्हणून तो अंगावर काटा आणतो. पण पुढचे ठाऊक असेल तरच. ठाऊक नसेल, तर एक नेटका सरकारी माहितीपट पाहिल्याचे समाधान मिळते.

काप्राच्या ‘द बॅटल ऑफ रशिया’मध्येही असेच. लेनिनग्राडचा वेढा, स्टालिनग्राड, सामान्य रशियनांचे अतोनात हाल हे सारे खरे आहे आणि आजही भिडते. नाही तो ऑगस्ट १९३९ चा हिटलर-स्टालिन करार, आणि त्यानंतर दोघांनी मिळून वाटून घेतलेला पोलंड. खोटे वाक्य पकडता येते, गाळलेले वाक्य दिसतच नाही. आता माहितीचा सुकाळ आहे, आपण तपासून घेऊ, असे म्हणणाऱ्याची इथे अडचण होते. तपासायचे काय, हे कळण्यासाठी आधी काहीतरी खटकावे लागते.

चिठ्ठी पुसलेली बरणी

आता त्या बरणीकडे वळू. ऑगस्ट १९१६ मध्ये ‘द बॅटल ऑफ द सोम’ प्रदर्शित झाला आणि पहिल्या सहा आठवड्यांत ब्रिटनमध्ये त्याची दोन कोटींच्या आसपास तिकिटे खपली. जेफ्री मॅलिन्स आणि जे. बी. मॅकडॉवेल यांनी टिपलेले बरेचसे चित्रण अस्सल आहे. जखमी, कैदी, थकलेले चेहरे खरे आहेत. पण खंदकातून वर चढणारे आणि तिथेच कोसळणारे सैनिक हे गाजलेले दृश्य आघाडीच्या मागे, सुरक्षित जागी वठवून घेतलेले होते. ते कसे ओळखायचे? कॅमेरा तिपाईवरचा, हाताने फिरवायचा, लांबचे जवळ आणणारी आजच्यासारखी भिंगे नाहीत. असा कॅमेरा घेऊन इतक्या जवळून चित्रण करायचे, तर छायाचित्रकाराला खंदकाबाहेर गोळीबारात उभे राहावे लागले असते. इतकी साधी तपासणी असूनही हा तुकडा पुढे असंख्य माहितीपटांत खरा म्हणून वापरला गेला. प्रचाराची चिठ्ठी पुसली, आत राहिला तो ‘पुरावा’. ज्या प्रेक्षकाने काप्राच्या निवेदकाची टर उडवली, तोच हा तुकडा दिसताच गंभीर होतो.

मग सगळेच प्रचार म्हणायचे का? ‘लिसन टु ब्रिटन’ आणि ‘युड झ्यूस’ एकाच तागडीत तोलायचे? मुळीच नाही. सुरी भाजी चिरते आणि गळाही, म्हणून स्वयंपाकी आणि खुनी एक होत नाहीत. संकलन, संगीत, निवड ही हत्यारे दोघांचीही सारखी आहेत, एवढेच इथे म्हणायचे आहे. चित्रपटाने केलेला दावा चित्रपटाबाहेर जाऊन पडताळता येतो का, ह्यावर फरक ठरतो. पडद्यावरचा सूर आपल्याला आवडला की नाही, ह्यावर तो ठरत नाही.

हे त्या काळात कोणाला नेमके कळले असेल, तर १९४५ मध्ये नाझी छावण्यांवर चित्रपट करायला बसलेल्या ब्रिटिश मंडळींना. निर्माते सिडनी बर्नस्टाइन यांनी सल्ल्यासाठी आल्फ्रेड हिचकॉकला बोलावले. प्रेक्षकाला कात्रीने हवे तिथे नेण्यात हिचकॉकइतका तरबेज माणूस दुसरा नव्हता. त्याने इथे सल्ला दिला तो कात्री न लावण्याचा. प्रेतांचे एक दृश्य आणि पाहणाऱ्या जर्मनांचे दुसरे असे तुकडे जोडले, तर उद्या कोणीही म्हणेल की हे बनावट आहे. म्हणून दृश्ये लांबलचक ठेवा, कॅमेरा न थांबता फिरू द्या. छावणीपासून आसपासची गावे किती जवळ होती ते नकाशावर दाखवा. चित्रपट अर्धवट राहिला, राजकारण बदलल्यावर डबे कपाटात गेले, आणि लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने तो मूळ टिपणांबरहुकूम पुरा करायला २०१४ साल उजाडले. कॅमेरा खड्ड्याच्या काठावर उभ्या केलेल्या कोट-टोपीतल्या गावकऱ्यांवरून सरकत सरकत खड्ड्यात उतरतो. मध्ये एकही कट नाही.